डागडुजी नसलेला लाइव्ह अल्बम

उत्तर आयर्लंडचा गायक व्हॅन मॉरिसन याच्या ‘इट्स टू लेट टू स्टॉप नाऊ’ या लाइव्ह अल्बमवर कुणीतरी मनापासून लेख लिहिला, फार बरं वाटलं. त्या लेखात एक गोष्ट मात्र राहिली. १९७३ च्या दौऱ्यातल्या या रेकॉर्डिंगवर नंतर स्टुडिओत काहीही चढवलेलं नाही; जे वाजलं तेच १९७४ च्या अल्बमवर आलं. सॅम कुक, रे चार्ल्स, बॉबी ब्लँड या अमेरिकन सोल-ब्लूज गायकांची गाणी मॉरिसन गातो, पण नक्कल कुठेच नाही. आणि शेवटचं ‘सायप्रस अव्हेन्यू’ हेडफोन लावूनच ऐका! अख्खा वाद्यवृंद अचानक थांबतो, प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडतं, तो मात्र ती शांतता ताणत राहतो, आणि मग व्हायोलिन, ट्रम्पेट, ड्रम्स सगळे एकाच ठोक्यावर तुटून पडतात. त्याच्या या वाद्यवृंदाइतकी, म्हणजे कॅलेडोनिया सोल ऑर्केस्ट्राइतकी, गायकाच्या श्वासावर चालणारी साथ क्वचितच ऐकायला मिळते.