अल्फाफोल्ड आलं म्हणून क्रायो-ईएम सोडू नका

"अल्फाफोल्डनं सगळ्या प्रथिनांच्या रचना काढून ठेवल्यात, आता क्रायो-ईएम शिकणं म्हणजे वेळेचा अपव्यय," असा मेसेज पुण्यातल्या बायोटेकच्या विद्यार्थ्यांमध्ये फिरतोय. तो वाचून कुणी प्रोजेक्ट बदलू नये, म्हणून हे उत्तर. अल्फाफोल्ड म्हणजे अनुक्रमावरून प्रथिनाची रचना भाकीत करणारा एआय प्रोग्राम; क्रायो-ईएम म्हणजे गोठवलेल्या नमुन्याची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं चित्रं घेऊन रचना काढणं. उदाहरणं विषाणूंपासून जीवाणूंचं रक्षण करणाऱ्या प्रथिनांची घेतलीत, कारण हा दावा तिथेच सगळ्यात लवकर उघडा पडतो.

"२० कोटी रचना तयार आहेत." आहेत, पण ती भाकितं आहेत, आणि बहुतेक सुट्या प्रथिन-साखळ्यांची. ई. कोलाय या जीवाणूमधलं एमसीआरबीसी घ्या; ते एमसीआरबी आणि एमसीआरसी या दोन प्रथिनांचं संकुल आहे. मिथिल गट लागलेला परका डीएनए ते कापतं. २०१९ मध्ये पुण्याच्याच आयसरमधल्या गटानं क्रायो-ईएमनं दाखवलं, की एमसीआरबीच्या सहा-सहा साखळ्यांची दोन कडी असतात आणि एमसीआरसीचे दोन रेणू त्यांना जोडतात. एकूण १४ साखळ्या. जीटीपी (ऊर्जा देणारा रेणू) तुटतं ते शेजारच्या दोन एमसीआरबींच्या सांध्यात, आणि एमसीआरसीचा एक भाग कड्याच्या मधल्या पोकळीत शिरला की ते तुटणं सुमारे ३० पट वेगानं होतं. एकट्या साखळीच्या मॉडेलमध्ये हा सांधाच नाही, तर यंत्रणा दिसणार कुठून?

"विश्वासांक ९० च्या वर, म्हणजे रचना पक्की." हा विश्वासांक, म्हणजे पीएलडीडीटी, फक्त त्या-त्या जागेपुरता बोलतो. दोन डोमेन (प्रथिनाचे स्वतंत्र घडीचे भाग) एकमेकांपासून कुठे आहेत यासाठी पीएईचा, म्हणजे स्थानातल्या अपेक्षित चुकीचा, आलेख बघायचा. बरेच जण तो उघडतच नाहीत. शिवाय कॅस९ या डीएनए कापणाऱ्या क्रिस्पर प्रथिनामध्ये लक्ष्य दाखवणारा गाइड आरएनए बसला की मोठे भाग फिरतात, आणि लक्ष्य डीएनए जुळल्यावरच एचएनएच डोमेन कापायच्या जागी सरकतं. एकाच अनुक्रमाच्या या वेगवेगळ्या अवस्था एका चित्रात मावत नाहीत.

"अल्फाफोल्ड ३ डीएनए आणि लिगँडही घेतं." खरंय, २०२४ पासून. पण साखळीच्या किती प्रती, कुठला लिगँड (प्रथिनाला चिकटणारा रेणू), हे त्याला आपणच सांगायचं असतं. नवीन संरक्षण प्रणालीत नेमकं तेच माहीत नसतं. जीवाणूंमधल्या टीआयआर-सेव्हड या संरक्षक प्रथिनाला चक्रीय ट्राय-एडेनिलेट हा संदेशरेणू मिळाला की त्याचे लांब तंतू बनतात आणि मग ते एनएडी हा पेशीला लागणारा रेणू तोडतं. हा संदेशरेणू आधी प्रयोगातूनच हाती यावा लागतो.

"क्रायो-ईएम फार किचकट." आहे, आणि म्हणूनच शिकायचं. ग्रिडवर साधारण ३ मायक्रोलिटर नमुना, काही सेकंद टिपकागद, लगेच द्रव इथेनमध्ये. बिघडतं ते बहुधा नमुन्याच्या पातळ थरात: हवेच्या पृष्ठभागाला लागून प्रथिनांची संकुलं सुटतात, किंवा सगळे कण एकाच बाजूनं पडतात. आधी निगेटिव्ह स्टेन (जड धातूच्या क्षारानं रंगवणं) करून संकुल शाबूत आहे ना ते बघा. ग्रिड बनवताना अगदी शेवटी चॅप्सोसारखं डिटर्जंट घालून पाहा. जीटीपीऐवजी सहजी न तुटणारं जीएमपीपीएनपी वापरा, नाहीतर अवस्थांची सरमिसळ होते. घनतेचा नकाशा मिळाला की अल्फाफोल्डचं मॉडेल जरूर घ्या, पण अखंड साखळी बसवू नका. पीएई बघून डोमेन सुटे करा, एकेक बसवा आणि मधले दुवे घनतेत दिसतील तेवढेच बांधा.