टॉल्किनच्या कादंबरीतले युद्ध तिच्या लढायांमध्ये नाही

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा विषय निघाला की बोलणे बहुधा चित्रपटांतल्या भव्य लढायांकडे वळते, आणि जे. आर. आर. टॉल्किन स्वतः पहिल्या महायुद्धात लढला होता हे कोणाला माहीत असेल, तर ‘म्हणूनच त्याच्या लढाया इतक्या जिवंत आहेत’ असे त्यावर ऐकायला मिळते. मला हे पटत नाही. त्या कादंबरीतल्या लढाया, म्हणजे शिंगे फुंकत येणारे घोडदळ, वेढा पडलेले तट आणि मरताना दोन वाक्ये बोलून जाणारे राजे, हे सारे टॉल्किन ज्या प्राचीन इंग्रजी आणि नॉर्स काव्यांचा प्राध्यापक होता त्या काव्यांमधून आले आहे. त्याने पाहिलेले युद्ध शोधायचे असेल, तर जिथे कोणी तलवार उपसत नाही ती पाने वाचावी लागतात.

जून १९१६ मध्ये तो फ्रान्सला पोहोचला तेव्हा चोवीस वर्षांचा होता आणि एडिथशी त्याचे लग्न होऊन जेमतेम अडीच महिने झाले होते. लँकेशायर फ्युझिलियर्सच्या अकराव्या बटालियनमध्ये तो संदेशवहन अधिकारी होता. उत्तर फ्रान्समधल्या सॉम नदीकाठची लढाई १ जुलैला सुरू झाली आणि त्या एकाच दिवशी ब्रिटिश सैन्याचे एकोणीस हजारांहून अधिक सैनिक मारले गेले. त्यांत रॉबर्ट गिल्सन होता. बर्मिंगहॅमच्या किंग एडवर्ड्स शाळेत चहा पीत वाङ्मयाच्या गप्पा मारणाऱ्या मुलांचे एक मंडळ होते. टॉल्किन, गिल्सन, जेफ्री बाख स्मिथ आणि ख्रिस्तोफर वाइजमन हे चौघे त्याचा गाभा होते, आणि आपल्या हातून जगासाठी काहीतरी मोठे घडणार आहे असा त्या वयाला साजेसा विश्वास त्यांना होता. गिल्सन गेल्यावर, आपल्याला हे मंडळच संपल्यासारखे वाटते, असे टॉल्किनने स्मिथला लिहिले. नोव्हेंबरात उवांमुळे पसरणाऱ्या ट्रेंच फीवरने आजारी पडून तो इंग्लंडला परतला, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला स्मिथही गेला. आघाडीच्या मागे रस्त्याने चालत असताना जवळच फुटलेल्या तोफगोळ्याचे तुकडे त्याला लागले होते. त्याआधी एका धोकादायक गस्तीवर जाताना त्याने टॉल्किनला पत्र लिहिले होते: मी सांगू पाहत होतो ते सांगायला मी उरलो नाही, तर माझ्यामागे ते तू सांग. अशी जबाबदारी खांद्यावर घेऊन एखाद्याने लेखणी उचलली, तर त्याच्या लेखनाला पलायनवाद म्हणताना समीक्षकांनी जरा थांबायला हवे होते.

त्याच सॉमवर लढलेल्या सिगफ्रिड ससून आणि रॉबर्ट ग्रेव्ह्ज या कवींनी खंदकांविषयी थेट लिहिले. टॉल्किनने मात्र रुग्णालयात आणि रजेवर असताना गॉन्डोलिन नावाच्या लपलेल्या नगरीच्या पतनाची कथा लिहिली. त्या कथेत शत्रूच्या बाजूने लोखंडी अजगर येतात आणि त्यांतल्या काहींच्या पोकळ पोटात सैनिक बसलेले असतात. युद्धभूमीवर रणगाडे पहिल्यांदा आले ते सप्टेंबर १९१६ मध्ये, सॉमवरच. इथे दुवा उघड दिसतो. अशा एकास एक जोड्या लावणे टॉल्किनला मात्र मुळीच आवडत नसे. कादंबरीतली सर्वसत्ता देणारी अंगठी म्हणजे अणुबॉम्ब या अर्थाची वाचने त्याने ठामपणे झिडकारली. आपल्या कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने रूपककथेविषयीची नावड स्पष्ट केली, आणि त्याच प्रस्तावनेत, १९१८ पर्यंत आपल्या जवळच्या मित्रांपैकी एक सोडून सगळे मेले होते, हेही नोंदवले. या दोन विधानांत मला विरोध दिसत नाही. अनुभव कथेत शिरतो तो सांकेतिक खुणांसारखा शिरत नाही. कोणते दुःख खरे मानायचे आणि कोणत्या विजयावर विश्वास ठेवायचा, हे तो ठरवतो.

मृतांच्या दलदलीचे प्रकरण पाहा. ती अंगठी नष्ट करायला निघालेला फ्रोडो हा हॉबिट (हॉबिट म्हणजे कादंबरीतली बुटकी, घरकोंबडी जमात), त्याचा सेवक सॅम आणि अंगठीच्या मोहाने पछाडलेला त्यांचा वाटाड्या गोलम चिखल तुडवत जात असतात आणि पाण्याखाली त्यांना फिकट चेहरे दिसतात; उदात्त, दुष्ट, सुंदर, सगळे एकाच पाण्यात कुजलेले. शत्रू आणि मित्र यांतला भेद तिथे उरलेला नाही, आणि ज्या कथेत बाजू इतक्या स्पष्ट आहेत तिच्यात ही गोष्ट मला फार मोठी वाटते. या प्रदेशावर सॉमनंतरच्या उत्तर फ्रान्सचे काही ऋण आहे, असे टॉल्किनने पुढे एका पत्रात मान्य केले. त्यानंतरच्या वाटचालीत पराक्रम जवळजवळ नाहीच. तहान आहे, मोजून खाल्लेले कोरडे अन्न आहे, ओझे कमी करण्यासाठी फेकून दिलेली भांडी आहेत. सॅमला ती भांडी टाकताना रडू येते. सैन्याबरोबर चाललेल्या माणसालाच असा तपशील सुचतो. सॅम हे पात्र आपण युद्धात पाहिलेल्या साध्या शिपायांचे आणि अधिकाऱ्यांच्या दिमतीला असणाऱ्या सैनिकांचे प्रतिबिंब आहे आणि ती माणसे आपल्याहून कितीतरी श्रेष्ठ होती, असे टॉल्किन म्हणत असे. सॅम फ्रोडोला शेवटपर्यंत ‘मिस्टर फ्रोडो’च म्हणतो, हे आजच्या वाचकाला खटकते आणि खटकावेही. तो वर्गभेद टॉल्किनने सैन्यातून आणि एकूणच इंग्लंडमधून जसाच्या तसा उचलला आहे, त्यावर प्रश्न केलेला नाही.

फ्रोडोचे काय होते ते अधिक महत्त्वाचे. अंगठी नष्ट करण्याच्या ऐन क्षणी तो हरतो, अंगठी आपली म्हणून घोषित करतो, आणि काम पार पडते ते गोलममुळे. घरी परतल्यावर गावात त्याच्या मित्रांचा जितका मान होतो तितकाही त्याच्या वाट्याला येत नाही. ६ ऑक्टोबरला, प्रवासात जखम झाली त्या तारखेला, तो दरवर्षी आजारी पडतो. युद्ध जिंकल्यावर युधिष्ठिराला राज्य नकोसे झाले होते, पण त्याची समजूत घालायला कृष्ण आणि भीष्म होते. फ्रोडोची समजूत घालण्यासारखे काही कोणाकडेच नाही, म्हणून शेवटी तो देश सोडून जातो. चार हॉबिट निघतात आणि चौघेही परततात, जे त्या शाळकरी मित्रांच्या बाबतीत घडले नाही; तरीही परतलेल्या चौघांतला एक परत आलेलाच नसतो. चित्रपटांनी हॉबिटांच्या गावाचा विध्वंस आणि तिथली शेवटची झुंज गाळली, त्यामुळे युद्ध दूरदेशीच राहिले आणि घर सुरक्षित उरले. माझ्या मते त्या चित्रपटांची ही सर्वांत मोठी चूक आहे.

सगळे श्रेय युद्धाला देणेही चुकीचे ठरेल. टॉल्किनच्या भाषा आणि पहिल्या कविता सॉमच्या आधीच्या आहेत. चार वर्षांचा असताना त्याचे वडील गेले, बारा वर्षांचा असताना आई मधुमेहाने गेली. इन्सुलिन तेव्हा यायचे होते. त्याचा लेखक मित्र सी. एस. लुईसही लहानपणीच आईला पारखा झाला होता आणि १९१८ मध्ये फ्रान्समध्ये जखमी झाला होता. पण लुईसच्या नार्निया या बालकथामालेतल्या एका कथेत मुलगा जादूचे सफरचंद आणतो आणि मरणपंथाला लागलेली आई बरी होते. टॉल्किन असे सफरचंद कोणालाही देत नाही. त्याच्या जगात गेलेले परत येते ते क्वचित आणि फार मोठ्या किमतीला. लुईसची ती कथा वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी येते, तरीही विश्वास मी टॉल्किनवरच ठेवतो.

दलदलीचे ते प्रकरण त्याने लिहिले १९४४ मध्ये, सॉमनंतर अठ्ठावीस वर्षांनी. त्याचा मुलगा ख्रिस्तोफर तेव्हा ब्रिटिश हवाई दलाच्या प्रशिक्षणासाठी दक्षिण आफ्रिकेत होता आणि बाप नवी प्रकरणे टपालाने त्याला पाठवत होता. आपण सॉरॉनला (कादंबरीतल्या, अंगठी घडवणाऱ्या दुष्ट अधिपतीला) त्याच्याच अंगठीने जिंकायला निघालो आहोत आणि त्यात यश आले तर नवे सॉरॉन जन्माला येतील, असे त्याने त्याच काळात मुलाला लिहिले. एक युद्ध भोगलेला माणूस दुसऱ्या युद्धात मुलाला पाठवून बसला होता. फ्रोडो आणि सॅमची सॉरॉनच्या मॉर्डॉर या देशाच्या दिशेची वाटचाल कादंबरीतल्या इतर भागांपेक्षा इतकी वेगळी, इतकी जड का वाटते, याचे कारण मला केवळ १९१६ मध्ये सापडत नाही. ते या दोन युद्धांच्या मधल्या त्या बापाच्या काळजीतही आहे.