फ्रँकांना दगड रचता येत नव्हता?

‘इ.स. ४७६ मध्ये रोम पडलं आणि पुढची पाचशे वर्षं युरोपात दगडी बांधकाम विसरलं गेलं. चर्च म्हणजे लाकडी छपऱ्या. शार्लमेनचं आखेनचं चर्च काय ते एक, तेही रावेन्नाची नक्कल, चोरीच्या खांबांवर.’ हा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे. (फ्रँक म्हणजे रोमनंतर आजच्या फ्रान्स-जर्मनीच्या भागावर राज्य करणारे लोक, शार्लमेन त्यांचा राजा. आखेन आज जर्मनीत आहे, रावेन्ना इटलीत.)

लाकडी चर्चं होती, पुष्कळ होती. पण पॅरिसच्या पूर्वेला झुआर इथलं सातव्या शतकातलं तळघर दगडी आहे, आणि त्यातल्या खांबांचे संगमरवरी शीर्ष त्याच काळात कोरलेले आहेत. जर्मनीतल्या लोर्शच्या मठाची कमानदार देवडी नवव्या शतकातली. तिच्या दर्शनी भिंतीवर लाल-पांढऱ्या दगडांची नक्षी बसवलेली आजही दिसते.

आता ‘नक्कल’. आखेनच्या कारागिरांपुढे रावेन्नाचं सान व्हिताले हे जुनं चर्च होतं, हे खरं. पण सान व्हितालेचा घुमट पोकळ मातीच्या नळ्यांचा, म्हणून हलका, आखेनचा दगडी. ते वजन पेलायला इथे आठ जाडजूड स्तंभ उभे केले, बाहेरची भिंत सोळा बाजूंची केली आणि चिणकामात लोखंडी कड्या घातल्या. जमिनीपासून घुमटापर्यंत सुमारे ३१ मीटर! वरच्या सज्जाचे ब्राँझचे कठडे आखेनमध्येच ओतले. ओतकामाच्या साच्यांचे तुकडे उत्खननात सापडलेत. नुसतं बघून हे जमत नाही, भार कुठून कुठे उतरतो ते कळावं लागतं.

आणि चोरी? रावेन्नाच्या राजवाड्यातला संगमरवर न्यायला पोप हेड्रियन पहिला यांनी पत्र लिहून परवानगी दिली होती. जुने खांब पुन्हा वापरणं म्हणजे अडाणीपणा असेल, तर कॉन्स्टंटाइनच्या काळातलं रोमचं सेंट पीटर्सही त्यात धरावं लागेल. आखेनचे खांब खरोखर उचलून नेले ते १७९४ मध्ये फ्रेंच सैन्यानं. काही १८१५ नंतर परत आले, काही अजून पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत.

मग त्या काळातली दगडी चर्चं एवढी थोडीच का उरली? कारण जागा पवित्र, म्हणून त्याच जागी पुन्हा पुन्हा मोठं बांधलं गेलं. पॅरिसजवळच्या सेंट-डेनिसचं ७७५ मध्ये अर्पण झालेलं चर्च बाराव्या शतकातल्या नव्या बांधकामाखाली गेलं. याउलट जर्मनीत मिशेलश्टाटजवळ श्टाइनबाखला शार्लमेनचा चरित्रकार आइनहार्ड यानं ८२७ पर्यंत चर्च बांधलं, पण संतांचे अवशेष लगेचच दुसरीकडे हलवले. तिथे पुढे भव्य असं काही उभं राहिलं नाही, आणि त्याचे विटांचे चौकोनी खांब आजही जागेवर आहेत.