कांद्याची बातमी आणि बातमीची नक्कल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

'द डे टुडे' या बातम्यांची नक्कल करणाऱ्या जुन्या ब्रिटिश विनोदी मालिकेवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही निफाडहून जे लिहिलंत, ते कळकळीने लिहिलंत. नुसतं 'धन्यवाद' म्हणून ते बाजूला सारणं बरं दिसलं नसतं. तुमचं म्हणणं असं : बातम्यांवरचा विश्वास आधीच उडत चाललाय, त्यात बातम्यांची नक्कल करून हसवणाऱ्यांना डोक्यावर का घ्यायचं? आणि कांदा मातीमोल होतो तेव्हा शेतकऱ्याचं गाऱ्हाणं बातमीच पोचवते. तिचीच टिंगल झाली तर आमचं ऐकणार कोण?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो आपल्या नाशिक जिल्ह्याचा आहे.

भाव चढला की मुंबईच्या भाजीबाजारात कॅमेरा जातो आणि खाली 'कांद्याने रडवलं'ची पट्टी धावते. भाव पडला की तोच कॅमेरा लासलगावला येतो : रस्त्यावर ओतलेली ट्रॉली, उभ्या पिकात फिरणारा रोटाव्हेटर, मागे करुण संगीत. शेतकऱ्यापुढे माईक येतो, पण प्रश्न एकच, 'काय वाटतंय तुम्हाला?' ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, डिसेंबरात निर्यातबंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली. आधी साठवणुकीच्या चाळीतल्या उन्हाळ कांद्याचं गणित बिघडलं, मग नव्याने बाजारात येणाऱ्या लाल कांद्याचं. क्विंटलमागे खर्च किती, लिलावात हातात पडले किती, हे विचारायला असा किती वेळ लागतो? तुमचं गाऱ्हाणं बातमीच्या या साच्यातच हरवतं. आणि 'द डे टुडे' हसते ती या साच्याला. ज्याचं नुकसान झालंय त्याला ती हसत नाही.

१९९४ साली बीबीसी २ वर तिचे फक्त सहा भाग आले. त्याआधी हीच मंडळी रेडिओवर 'ऑन द अवर' करत होती. ख्रिस मॉरिस निवेदक, अरमांडो इयानुची त्याचा निर्मितीतला जोडीदार. पाचव्या भागातला युद्धाचा प्रसंग मी पुन्हा पुन्हा पाहतो. ऑस्ट्रेलिया आणि हाँगकाँग यांच्यात करार झालाय, सगळे खुशीत आहेत. निवेदक पाहुण्यांशी बोलता बोलता एकाला डिवचतो, मग दुसऱ्याला, पुन्हा पहिल्याला. काही मिनिटांत करार मोडतो आणि युद्ध जाहीर होतं. आता निवेदकाचा चेहरा बघा : त्याला आनंद झालाय. स्टुडिओ क्षणात युद्धाचा होतो, खास संगीत वाजतं, बातमीदार आघाडीवर हजर! सगळी तयारी आधीपासून होती, फक्त युद्ध तेवढं व्हायचं बाकी होतं. आपल्याकडच्या रात्री नऊच्या चर्चा पाहणाऱ्याला ही ब्रिटनची तीस वर्षांपूर्वीची गोष्ट परकी वाटेल, असं मला खरंच वाटत नाही.

विश्वासाचं म्हणाल, तर मॉरिसचंच पुढचं काम पाहा. १९९७ च्या 'ब्रास आय'मध्ये त्याने 'केक' नावाचा एक काल्पनिक अमली पदार्थ रचला आणि नामवंतांना कॅमेऱ्यासमोर त्याविरुद्ध इशारे द्यायला लावले. डेव्हिड एमेस या खासदारांनी तर थेट संसदेत त्यावर प्रश्न विचारला. कुणी खातरजमा केली नाही, कारण समोर गंभीर आवाज आणि कॅमेरा होता. इतका सहज बसणारा विश्वास थोडा हललेलाच बरा, असं माझं ठाम मत आहे.

गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर पाणी चढलंय, यावरून नाशिककर अंदाज बांधतात. सराफ बाजारातल्या आणि भांडी बाजारातल्या दुकानदाराला गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलंय आणि माल कधी हलवायचा, हे कळायला हवं असतं. त्याला घोटाभर पाण्यात उभं राहून ओरडणारा बातमीदार नको असतो. बातमी मोलाची आहे म्हणूनच तिचा हा तमाशा मला सहन होत नाही. तुम्हालाही होत नसावा.

तुमचा एक मुद्दा मात्र पूर्ण पटतो. असल्या कार्यक्रमाचा तुकडा कापून, नाव काढून व्हॉट्सॲपवर फिरवला की तो खरी बातमी म्हणून खपतो, आणि मग त्याचा त्रास साध्या माणसाला होतो. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर असं काही आलं की तिथल्या तिथे 'हा विनोदी कार्यक्रम आहे, बातमी नाही' असं लिहितो. तुम्हीही लिहीत जा.

आणि ती मालिका न पाहताच प्रतिक्रिया लिहिल्याचं तुम्ही प्रांजळपणे कळवलंय. सुरुवात पाचव्या भागापासून करा, अर्ध्या तासाचाच आहे. त्यानंतरही मत बदललं नाही, तर का ते इथेच लिहा. मी वाचेन आणि उत्तरही देईन.