थेंबे थेंबे धंदा साचे

इसेन्शियल ऑइल, म्हणजे वनस्पतींतून काढलेलं सुगंधी तेल, विकायला घेतलंत? उत्तम. भांडवल कमी, बाटली इवलीशी, वास झकास, आणि गिऱ्हाईक आपले आजार आपणहून सांगत येतं. पथ्य एकच, खरं बोलायचं नाही. "लॅव्हेंडरचा वास छान आहे, झोपताना काहींना बरं वाटतं" एवढंच म्हणालात तर समोरची बाई म्हणेल, "उदबत्ती आहे हो घरी." संपला धंदा.

सुरुवात कायद्यापासून करू. वळसा घालायचा तर कुंपण कुठे आहे ते ठाऊक हवं. 1940 च्या औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्यात बाटलीत काय आहे याइतकंच ती कशासाठी म्हणून विकता यालाही महत्त्व आहे. टी ट्री या झाडाच्या पानांचं तेच तेल "त्वचा नितळ दिसते" म्हणून विकलंत तर सौंदर्यप्रसाधन. "नायटा बरा होतो" म्हणालात की औषध, आणि औषधाला परवाना लागतो. त्यावर 1954 चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात ज्यांच्यावर उपायाची जाहिरातच करता येत नाही अशा 54 नोंदी आहेत. मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा, संधिवात, मोतीबिंदू, कर्करोग, मूतखडा, म्हणजे तुमचं सगळं गिऱ्हाईक त्यात आलं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, पुढच्याला वर्षापर्यंत. यादीत देवीचा रोगही आहे. तो जगातून गेल्याचं 1980 सालीच जाहीर झालं, त्यामुळे त्यावर तेल काढलंत तर एकही तक्रार येणार नाही. जाहिरात मात्र तरीही बेकायदाच.

म्हणून क्रियापद जपून निवडा. "मधुमेह बरा करतं" असं अडाणी विकतात. तुम्ही म्हणा, "साखरेचं संतुलन राखायला साथ देतं." साथ देणे, पोषक ठरणे, हातभार लावणे, इम्युनिटी वाढवणे, शरीराची नैसर्गिक शक्ती जागी करणे. यातलं काहीच मोजता येत नाही, म्हणून खोटंही पाडता येत नाही. ऐकणाऱ्याने गोळी बंद करण्याइतका अर्थ त्यातून घ्यावा, आणि विचारलं तर "मी असं कुठे म्हटलं?" असं तुम्हाला म्हणता यावं, इतकं ते वाक्य गोल हवं. मात्र 2022 ची जाहिरातविषयक मार्गदर्शक तत्त्वं आणि 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा या गोलाईवर फारसे भाळत नाहीत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा केलंत तर 50 लाखांपर्यंत दंड लावू शकतं. पण असली बातमी ग्रुपवर कोण टाकतो?

अजून भीती वाटत असेल तर स्वतः बोलूच नका, काकूंना बोलू द्या. "गुडघे धरले होते, आता तीन जिने चढते" हा व्हिडिओ तुम्ही फक्त पुढे पाठवायचा. माल विकण्यासाठी पाठवलेला अनुभव ही जाहिरातच असते, पण पाठवताना हात जोडल्याचं चिन्ह टाकलं की तो सत्संग वाटतो. हा मार्ग चांगला मळलेला आहे. सप्टेंबर 2014 मध्ये अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याने यंग लिव्हिंग आणि डोटेरा या तेलं विकणाऱ्या कंपन्यांना इशारापत्रं पाठवली, कारण त्यांचे विक्रेते तेलं इबोलावर चालतात असं सांगत होते. पत्र कंपनीला गेलं आणि वाक्यं विक्रेत्यांची निघाली. तुमची अपलाइन, म्हणजे तुम्हाला या साखळीत ओढणारी वरची विक्रेती, मीटिंगमध्ये "हे लिहून देऊ नका, फक्त तोंडी सांगा" असं का बजावते, ते यावरून कळेल.

आता विज्ञान. ते हवंच, फक्त शेजारच्या घरचं आणावं. पेपरमिंट तेलाच्या, आतड्यात जाऊन फुटणाऱ्या कॅप्सूलचे पोटाच्या आयबीएस या विकारावर खरेच चांगले अभ्यास आहेत. तुम्ही विकता डिफ्युझरमध्ये, म्हणजे खोलीत वास पसरवणाऱ्या यंत्रात, टाकायची बाटली. अभ्यास कॅप्सूलचा, बाटली तुमची, मधली दरी गिऱ्हाइकाने आपली आपण ओलांडावी. दुसरी युक्ती काचेच्या बशीची. "या तेलाने प्रयोगशाळेत जिवाणू मेले" हे बहुतेक वेळा खरंच असतं. त्या बशीत फिनेल ओतलं तरी ते मरतात, पण फिनेल कोणी तळपायाला चोळा म्हणत नाही. आणि अगदीच अडलंत तर फ्रिक्वेन्सी काढा. गुलाबाच्या तेलाची कंपनसंख्या 320 मेगाहर्ट्झ असल्याचा दावा या धंद्यात वर्षानुवर्षं फिरतो आहे. बाटलीच्या तेलाची "फ्रिक्वेन्सी" मोजून आजार ठरवता येत नाही, पण एफएम रेडिओ 88 ते 108 मध्ये लागतो हे गिऱ्हाइकाला माहीत असतं, त्यामुळे 320 म्हणजे भलतंच काही जबरदस्त असणार असं त्याला वाटतं.

बाटलीवर "थेराप्युटिक ग्रेड" छापायला विसरू नका. अशी श्रेणी देणारी सरकारी किंवा स्वतंत्र संस्था कुठेही नाही. कंपन्या हे शिक्के स्वतःच काढतात, स्वतःलाच देतात आणि त्यांचा ट्रेडमार्कही घेतात. शुद्धता खरोखर सांगायची तर भलत्याच गोष्टी लागतात. वनस्पतीचं शास्त्रीय नाव, कुठला भाग, कुठला देश, अर्क कसा काढला, बॅच क्रमांक, आणि त्याच बॅचचा जीसी-एमएस अहवाल, म्हणजे तेलात कुठला घटक किती आहे ते दाखवणारी प्रयोगशाळेची चाचणी. त्या अहवालात खऱ्या लॅव्हेंडरचा लिनॅलिल अ‍ॅसिटेट हा मुख्य सुगंधी घटक साधारण 25 ते 45 टक्के दिसतो आणि कापूर अगदी कमी. कापूर पाच-सात टक्क्यांवर दिसला की ते लॅव्हंडिन, म्हणजे लॅव्हेंडरच्या संकरित जातीचं स्वस्तातलं तेल, असण्याची शक्यता दाट. असला कागद दुकानात ठेवलात तर गिऱ्हाईक वाचायला लागेल. वाचणारं गिऱ्हाईक हा धंद्याला लागलेला वाळवीचा किडा.

गुलाबाचं तेल 299 रुपयांत 10 मिली विकताना मात्र कोणी हिशेब काढणार नाही याची काळजी घ्या. एक किलो तेलाला साडेतीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात, म्हणजे तुमच्या 10 मिलीला तीस किलोंच्या वर. एवढ्या फुलांचा भाव दादरच्या फूलबाजारात कोणीही सांगेल, आणि तो साधा गुलाब, अत्तराचा दमास्क जातीचा गुलाब नव्हे. यात लाजण्यासारखं नवं काही नाही. खानदेशातल्या भट्ट्यांवर निघालेलं रोशा गवताचं तेल एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून तुर्कस्तानाकडे जायचं आणि तिथे गुलाबाच्या तेलात मिसळलं जायचं. ते निदान गवताचं अस्सल तेल होतं. तुमच्या बाटलीत बहुधा कारखान्यात बनलेला सुगंध आणि वाहक द्राव असेल.

वापराच्या सूचना जितक्या मोघम तितक्या चांगल्या. एक टक्का द्रावण म्हणजे 30 मिली तिळाच्या किंवा खोबरेल तेलात जेमतेम सहा थेंब, चेहऱ्याला तेवढंही पुष्कळ, अंगाला दोन-तीन टक्के, असं सांगितलंत की बाटली सहा महिने पुरते. "थेट लावा, शुद्ध आहे" म्हणालात की पंधरवड्यात संपते. अंघोळीच्या बादलीत दहा थेंब टाकायला सांगा. तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं आणि अंगाला नेमकं तिथेच चिकटतं जिथे कातडी नाजूक असते. बर्गामॉट या लिंबूवर्गी फळाच्या सालीतून पिळून काढलेलं तेल लावून उन्हात पाठवा, त्यातल्या बर्गाप्टेन या घटकामुळे उन्हाने भाजल्यासारखे डाग पडतात. लिंबूवर्गी आणि टी ट्री तेलं काचेच्या शोकेसमध्ये उन्हात मांडून ठेवा. हवा-प्रकाशाने ती ऑक्सिडाइज होतात आणि अ‍ॅलर्जीची शक्यता वाढते, एकदा जडली की ती सहसा जात नाही.

अंगावर पुरळ आलं, आग झाली, तर घाबरून "धुऊन टाका, बंद करा" म्हणू नका. म्हणा, "डिटॉक्स चालू आहे, विष बाहेर पडतंय. प्रमाण वाढवा." या एका वाक्यात तक्रार मिटते आणि दुसरी बाटलीही विकली जाते. या व्यवसायाचा इतका चोख शोध दुसरा नाही.

पिण्याचा सल्लाही द्या, "पाण्यात दोन थेंब". इथे मात्र थट्टा अडखळते. विंटरग्रीन या झुडपाच्या तेलाचा एक चमचा, 5 मिली, म्हणजे जवळजवळ 7 ग्रॅम अ‍ॅस्पिरिन, 325 मिलिग्रॅमच्या एकवीसेक गोळ्या. नीलगिरीचं तेल चमचाभर पोटात गेलं तरी लहान मुलाला झटके येऊन ते बेशुद्ध पडू शकतं. कापूर असलेली तेलंही तशीच. अशा वेळी ओकारी काढायची नसते, बाटली हातात घेऊन थेट दवाखाना गाठायचा असतो. म्हणून बाटलीला थेंब पाडणारं बूच आणि मुलांना न उघडणारं झाकण लावतात. ते थोडं महाग पडतं. तुम्ही साधं झाकण लावा आणि लेबलवर गोंडस बाळाचं चित्र छापा.

तळाशी बारीक अक्षरात एक सूचना हवी : "या विधानांचे एफडीएने मूल्यमापन केलेले नाही." एफडीए म्हणजे तेच अमेरिकेचं अन्न-औषध खातं, आणि हे वाक्य 1994 च्या अमेरिकी कायद्यात आहारपूरकांसाठी आलं. सातारा रोडवरच्या सुगंधी तेलाशी त्याचा काही संबंध नाही, पण दिसायला भारदस्त दिसतं. महाराष्ट्राचं अन्न व औषध प्रशासन मात्र मूल्यमापन करायला कधीही येऊ शकतं, तेही परवान्याची प्रत आणि नमुन्याची बाटली मागत.

ती वेळ आलीच तर कागद फाडायची गरज नाही. दाव्यांचं सगळं दप्तर तुम्ही व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर ठेवलेलं असतं आणि ते चोवीस तासांत आपोआप उडतं. उरतात ते इतरांनी घेतलेले स्क्रीनशॉट. तेव्हा ज्या शेजारणीला ती डिटॉक्सवाली दुसरी बाटली विकलीत, तिच्याशी तूर्त गोड बोला.