लाव्हा नसतानाही जमीन खचते

इटलीत नेपल्सजवळच्या कांपी फ्लेग्रेई ज्वालामुखी क्षेत्राबद्दल एक संदेश सारखा फिरतोय. त्यातले दावे तीन: जमीन वरखाली होतेय म्हणजे लाव्हा वर चढतोय, लाव्हा नसेल तर धोकाही नाही, आणि सरकार सगळं लपवतंय. मधला दावा मला सर्वांत घातक वाटतो, पण क्रमाने बघू.

‘जमीन हलली म्हणजे लाव्हा आला.’
१९८२ ते १९८४ या काळात तिथलं पोत्सुओली शहर सुमारे १.८ मीटर वर उचललं गेलं. हजारो लोकांना घरं सोडावी लागली. उद्रेक झाला नाही. उलट पुढची वीसेक वर्षं जमीन हळूहळू बसत गेली. २००५ पासून ती पुन्हा वर येतेय. शेवटचा उद्रेक मात्र १५३८ सालचाच. खोलवरच्या मॅग्माची (जमिनीखालच्या वितळलेल्या खडकाची) उष्णता आणि वायू यामागे आहेतच. पण त्यांनी तापलेलं पाणी आणि वाफ खडकांच्या फटींत कोंडली, तरी जमीन फुगते. दाब निसटला की बसते. यात मॅग्माचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. त्यामुळे ‘आता फुटणारच’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

‘लाव्हा नाही, तर धोका नाही.’
साफ चूक. जमिनीतून वर येणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचा पृष्ठभागाजवळ ऑक्सिजनशी संयोग होऊन गंधकाम्ल तयार होतं. ते कठीण खडक कुजवतं. काही खनिजं विरघळून निघून जातात, उरलेल्यांची मऊ चिकणमाती होते. वरचा पापुद्रा शाबूत दिसतो आणि खाली उकळता चिखल किंवा पोकळी असते. याच भागातल्या सोल्फातारा विवरात १२ सप्टेंबर २०१७ रोजी पायाखालची जमीन खचली आणि एका पर्यटक कुटुंबातल्या तिघांचा जीव गेला. त्यात अकरा वर्षांचा मुलगा होता. त्या दिवशी कुठलाही उद्रेक नव्हता.

जपानमधल्या बांदाई पर्वताचं उदाहरण तर याहून भयंकर आहे. १५ जुलै १८८८ रोजी वाफेच्या स्फोटांमागोमाग त्याची उत्तरेकडची बाजूच कोसळली आणि ४७७ माणसं गेली. ताजा लाव्हा बाहेर आलाच नव्हता.

‘सरकार लपवतंय.’
या ज्वालामुखींवर नजर ठेवणारी इटलीची सरकारी व्हेसुव्हियस वेधशाळा कांपी फ्लेग्रेईतले भूकंप, जमिनीची हालचाल आणि वायूंची मोजमापं दर आठवड्याला जाहीर करते, आणि ती कोणालाही वाचता येतात. डिसेंबर २०१२ पासून तिथे पिवळा इशारा लागू आहे. हिरव्याच्या वरची आणि नारिंगी-लाल यांच्या खालची ही पायरी.