स्क्रीनशॉट पाठवा म्हणे!

चार दिवस डोकं फिरलंय, आज लिहूनच काढतो नाहीतर झोप लागायची नाही.

रात्री जेवणं उरकली, आई आडवी झाली की साडेदहा ते साडेअकरा हा एक तास माझा असतो. दिवसातला एकच. त्या तासात मी गाड्यांचा गेम लावतो, घाटातला रस्ता आहे, कडेला ओळीने विजेचे खांब, आणि वळण घेतलं रे घेतलं की प्रत्येक खांब मधोमध तुटतो. वरचा तुकडा इथे, खालचा बोटभर बाजूला, कोयत्याने ऊस छाटल्यासारखा. गाडी सरळ चालली की काही नाही, सगळं गुळगुळीत. वळली की चर्रकन काप. एकदा ती रेघ दिसायला लागली ना की मग डोळे रस्ता बघतच नाहीत, खांबच बघतात, मी तीन वेळा दरीत गेलोय खांब मोजत.

ह्याला स्क्रीन टेअरिंग म्हणतात. हे मला माहितीये, मी काय आज गेम खेळायला लागलो नाहीये. चीड ह्याची आहे की ७८ हजारांचा लॅपटॉप, १२ महिने हप्ते भरलेत, खोक्यावर इंचभर अक्षरात १४४ हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला १४४ वेळा स्क्रीन नव्याने रंगणार) छापलंय, आणि हे बघायचं?

म्हणून फोन केला कस्टमर केअरला. (इथेच चुकलं.) पोरगा एकदम नम्र, 'हो सर, समजलं सर', आणि मग म्हणतो, 'सर, प्रॉब्लेमचा स्क्रीनशॉट पाठवा.'

अरे राजा. स्क्रीनशॉटमध्ये टेअरिंग येत नाही! येणारच नाही! स्क्रीनशॉट घेतो तो ग्राफिक्स कार्डाच्या, म्हणजे गेमची चित्रं बनवणाऱ्या चिपच्या, मेमरीतली अख्खी फ्रेम (एक पूर्ण चित्र) उचलतो, आणि तिथे फ्रेम धड असते, तुटते ती तिथून स्क्रीनच्या पॅनलवर जाताना. हे मी त्याला समजावलं, त्याने ऐकून घेतलं, आणि म्हणाला, 'ओके सर, तरी एक पाठवून ठेवा, प्रोसेस आहे.' पाठवला. उत्तर आलं, 'इमेज नॉर्मल दिसत आहे.' वा! मग मी मोबाईलने व्हिडिओ काढला, एका हातात फोन, एका हाताने गाडी चालवतोय, तर त्यावर उत्तर काय, 'मोबाईल कॅमेऱ्यात स्क्रीनवर अशा रेघा दिसतातच सर.' आणि गंमत म्हणजे दिसतातही, कॅमेऱ्याच्या वेगळ्या रेघा येतात, त्यामुळे ह्यावर भांडायला पण जागा नाही. शेवटी सर्व्हिस सेंटरला घेऊन गेलो तर काउंटरवरच्या माणसाने लॅपटॉप चालू केला, वॉलपेपर बघितला, वॉलपेपर!, मान हलवली आणि म्हणाला पॅनल बदलावा लागेल, ११ हजार. वॉरंटी संपलीये ना, मग काय, तोंडाला येईल तो आकडा.

पॅनलला काहीही झालेलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो.

साधी गोष्ट आहे. रंगारी भिंत रंगवतो तसा स्क्रीन वरून खाली रंगत येतो. ६० हर्ट्झला एका भिंतीला १६.६७ मिलिसेकंद, १४४ ला ६.९४. रंगारी अर्ध्यावर आलाय आणि तुम्ही मध्येच त्याच्या हातातला डबा बदलला तर वरची अर्धी भिंत पिवळी आणि खालची हिरवी होणार की नाही? तेच. ग्राफिक्स कार्डाची नवी फ्रेम तयार झाली की ते स्क्रीनचं रंगवून व्हायची वाट न बघता डबा बदलतं. म्हणून वर जुनी फ्रेम, खाली नवी, आणि आडवं काही सरकत असलं की उभी गोष्ट तुटलेली दिसते, खांब, दाराची चौकट, माझं नशीब.

मित्रांना विचारलं तर ११ जणांचं एकच उत्तर, व्ही-सिंक ऑन कर. जसं काय मला सुचलंच नव्हतं. व्ही-सिंक म्हणजे कार्डाला दम देणं की रंगारी खाली पोचल्याशिवाय डबा द्यायचा नाही. टेअरिंग जातं, मान्य. पण स्टिअरिंग तुपात फिरवल्यासारखं होतं, वळण संपल्यावर गाडी वळते. आणि त्याहून वाईट म्हणजे एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम मिळतात त्याचा, सापशिडी खेळ. कारण फ्रेम जराशी उशिरा झाली तर पुढच्या फेरीची वाट बघायची, म्हणजे १४४ नाही तर सरळ ७२, ७२ नाही जमलं तर ४८. माझ्या लॅपटॉपला ह्या गेममध्ये ७० ते ९० मिळतात, म्हणजे घाटात जिथे ७० होतात तिथे धाडकन ४८. एकाने सांगितलं ट्रिपल बफरिंग कर (म्हणजे एक जादा फ्रेम हाताशी ठेवायची), त्याने सापशिडी थांबते, पण ह्या गेमच्या मेनूत तो ऑप्शनच नाही. माझ्या आत्येभावाने, वय १६, सांगितलं की दादा बॉर्डरलेसवर टाक, म्हणजे चौकट नसलेल्या स्क्रीनभर खिडकीत, तेव्हा विंडोजच फ्रेम जुळवून घेतं. आणि खरंच दुसऱ्या एका गेममध्ये गेलं टेअरिंग, पोराला मानलं. पण गाड्यांच्या गेममध्ये बॉर्डरलेस नाही. फुलस्क्रीन नाहीतर खिडकीएवढं. बसा.

मग मी जी-सिंकच्या मागे लागलो. म्हणजे स्क्रीननेच आपला वेग कार्डाप्रमाणे कमीजास्त करायचा, खरा इलाज तोच, २०१३ पासून आहे. सगळे व्हिडिओ सांगतात, एनव्हिडियाचं कंट्रोल पॅनल उघडा, डिस्प्लेमध्ये जा, टिक करा. माझ्याकडे डिस्प्ले हा भागच नाही! व्हिडिओतल्या माणसाकडे डावीकडे भलीमोठी यादी, माझ्याकडे थ्रीडी सेटिंग्ज आणि खाली पांढरं वाळवंट. दोनदा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) काढून परत टाकला, रात्रीचे दोन वाजले, सकाळी ऑफिसला डोळे लाल, साहेब म्हणाले तब्येत बरी नाही का.

आणि मग कळलं. आईशप्पथ मी दोन मिनिटं खुर्चीत नुसता बसून राहिलो. माझ्या लॅपटॉपची स्क्रीन ग्राफिक्स कार्डाला जोडलेलीच नाहीये. ज्या कार्डासाठी मी २० हजार जास्त मोजले त्याच्यापासून स्क्रीनपर्यंत वायरच नाही! कार्ड फ्रेम बनवतं, ती प्रोसेसरमधल्या फुकटातल्या ग्राफिक्सकडे कॉपी होते आणि तो ती स्क्रीनला देतो. घराला पुढचं दारच नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याने शेजाऱ्याच्या ओट्यावरून यायचं, असला प्रकार. ऑप्टिमस म्हणतात ह्याला, २०१० पासून चालू आहे, आणि कारण अगदी रास्त आहे, बॅटरी वाचते, नुसतं मेल बघताना मोठं कार्ड झोपून राहतं. ते मी समजू शकतो. पण मग वायर फिरवायची सोय असते ना, मक्स स्विच म्हणतात, ज्या लॅपटॉपला असतो त्याला स्क्रीन थेट कार्डाला जोडता येते. माझ्याला नाही. आणि हे खोक्यावर कुठे लिहिलंय? कुठेच नाही! खोक्यावर कीबोर्डला किती रंगांचे दिवे आहेत ते आहे. दुकानात मी विचारलं होतं गेमिंगला चांगला आहे ना, तर तो म्हणाला एक नंबर, आणि बॅग फ्री दिली.

अजून मीठ चोळायचं तर कंट्रोल पॅनलमध्ये फिजएक्सचं एक पान असतं, तिथे कुठलं पोर्ट कुठल्या कार्डाला जोडलंय त्याचं चित्र दिसतं (विकत घ्यायच्या आधी दुकानात हे पान उघडायला सांगा, दुकानदाराचं तोंड बघा). तर माझं एचडीएमआय पोर्ट थेट मोठ्या कार्डाला आहे. म्हणजे बाहेरून मॉनिटर आणून लावला तर त्याला सरळ वायर, आणि जो स्क्रीन लॅपटॉपला चिकटूनच जन्माला आला तो सावत्र.

शेवटी जुळलं कसं ते पण सांगतो, कारण कोणीतरी माझ्यासारखा रात्री दोनला हे शोधत असणार. पहिलं म्हणजे विंडोजच्या अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेत गेलो तर तिथे ६० हर्ट्झ! खोक्यावर १४४ आणि चालतोय ६० वर, कधीपासून देव जाणे. चार्जर काढला की कंपनीचं सॉफ्टवेअर बॅटरीच्या नावाखाली ६० करतं आणि परत लावला की विसरतं. १४४ केलं तेव्हाच रेघ अर्धी सुसह्य झाली, तुटलेली फ्रेम असते पण ६.९४ मिलिसेकंदच टिकते. मग रिवाट्यूनर नावाचं सॉफ्टवेअर घेतलं, फुकट आहे, त्यात एफपीएस ७२ वर बांधले. ७२ कारण १४४ चे बरोब्बर अर्धे, प्रत्येक फ्रेमला स्क्रीनच्या दोन फेऱ्या, ना कमी ना जास्त. गेममधल्या सावल्या हायवरून मिडियमवर, म्हणजे घाटात पण ७२ च्या खाली उतरत नाही. आणि ह्या सगळ्यावर व्ही-सिंक ऑन. हो, तेच व्ही-सिंक, पण एफपीएस बांधल्यावर फ्रेमा रांगेत तुंबत नाहीत म्हणून स्टिअरिंगचं तूप बरंच पातळ होतं. पूर्ण नाही जात. सवय होते. चार रात्री, दोन ड्रायव्हर, एक सर्व्हिस सेंटर आणि पेट्रोल, तीन आकडे बदलण्यासाठी.

काल साडेदहाला लावला. पहिलं वळण, खांब सरळ. दुसरं वळण, सरळ. आईशप्पथ भरून आलं, एकसंध, उभा, सरकारी खांब. तिसऱ्या वळणावर लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर, स्क्रीन मंद, ६० हर्ट्झ, एफपीएस ३०, घाट एकदम लग्नाच्या अल्बमसारखा एकेक फोटो उलटत चाललेला. खांब मात्र सरळ होते, खोटं कशाला बोलू.

आतून आईचा आवाज आला, 'लाईट गेली तरी चालूच का रे तुझं?'